मनालीत बर्फ पडला की नान्नजला काय करायचं: सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी हिवाळी वादळाची तयारी

जानेवारीत फोनवर मनालीच्या बर्फाचे व्हिडिओ फिरायला लागले की आमच्या नान्नजच्या वस्तीवर ताडपत्र्या बाहेर निघतात. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. कुठे हिमाचल आणि कुठे उत्तर सोलापूर तालुका! पण त्या बर्फाची आणि आमच्या द्राक्षबागेवर पडणाऱ्या गारांची आई बऱ्याचदा एकच असते.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात बरीच नवी माणसं आली. नोकरी सोडून वडिलांची बाग बघायला परतलेली पोरं, पुण्याहून येऊन चार एकर घेतलेले, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकेतले लोक. सोलापूर म्हटलं की सगळे त्यांना उन्हाळ्याचंच सांगतात. हिवाळ्यातल्या धोक्याचं कुणी बोलत नाही, कारण दहातली नऊ वर्षं हिवाळा इथे गुणी असतो. सकाळी पंधरा-सोळा अंशांचा गारवा, दुपारी कोवळं ऊन, रानात हुरडा. नुकसान होतं ते उरलेल्या एका वर्षी, आणि तेव्हा बाग काढणीला आलेली असते, ज्वारी दाण्यात असते, कांदा रानात उपटून पडलेला असतो. हा लेख त्या वर्षासाठी आहे.

आधी वादळ ओळखा

उत्तर भारतातल्या हिवाळी वादळाला हवामान खात्याचे लोक पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा सरकत काश्मीर-हिमाचलला पोहोचतो. हिवाळ्यात असे महिन्याला चार-सहा तरी येतात. बहुतेक सगळे डोंगरातच मोकळे होतात, आपल्याला त्यांची झुळूकही लागत नाही.

एखादा मात्र जोरकस असतो. त्याची उंचावरची थंड हवा दक्षिणेकडे खाली उतरते आणि त्याच वेळी जमिनीलगत बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारं येतं. वर थंड-कोरडं, खाली उबदार-ओलं. ही जोडी मध्य भारतावर जमली की एकाच आठवड्यात देशाला चार तऱ्हेची हवा दिसते: हिमालयात बर्फ, पंजाब-हरियाणात पाऊस आणि पाठोपाठ दाट धुकं, विदर्भ-मराठवाडा-सोलापूर पट्ट्यात विजा आणि गारा, आणि वादळ पुढे सरकलं की उत्तरेचं वारं सुटून सगळीकडे कडाका. टीव्हीवर या चार बातम्या वेगवेगळ्या दाखवतात. तुम्ही त्या एका नकाशावर ठेवून बघायला शिका.

बर्फाच्या प्रत्येक बातमीनं मात्र घाबरून जाऊ नका. नुसता बर्फ पडला आणि आपल्याकडे वारं कोरडं, उत्तरेचंच राहिलं, तर फक्त थंडी वाढेल. बर्फाची बातमी आली आणि दोन दिवसांत आपल्याकडचं वारं फिरून पूर्वेचं किंवा दक्षिणेचं झालं, सकाळी अंगाला चिकटपणा जाणवायला लागला, रात्रीचा गारवा अचानक कमी झाला, तर तिथून पुढे कामाला लागायचं. आमचे वडील म्हणायचे, "माघात रात्री पांघरूण नको वाटलं की आभाळाकडं बघावं." ते खरंच आहे. आभाळ भरून आलं की रात्रीची उष्णता वर जात नाही, किमान तापमान चढतं.

हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरातच

फोनमध्ये तीन ॲप घ्या. हवामान खात्याचं 'मौसम', शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी'. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला निघतो, तो वाचायची सवय लावा. गावच्या गटावर कुणीतरी पुढे ढकललेला "येत्या 48 तासांत महाभयंकर" असा संदेश आला, तर त्यावर तारीख आणि खात्याचं नाव आहे का ते बघा. गेल्या वर्षीचा संदेश यंदा फिरताना मी स्वतः पाहिलाय, आणि त्यापायी एका शेजाऱ्यानं आठ दिवस आधीच, साखर भरायच्या आत, माल उतरवला.

रंगांचा अर्थ पाठ करा. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हात चालवा. हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्याला बहुतेक वेळा पिवळाच येतो, आणि नवा माणूस पिवळ्याला हलकं घेतो. तसं करू नका. इशारा जिल्ह्याचा असतो, गार मात्र अरुंद पट्ट्यात पडते. नान्नजला झोडपलं आणि दोन कोसांवर मातीसुद्धा भिजली नाही, हे इथे नेहमीचं आहे. पिवळ्या दिवशीही तो पट्टा तुमच्या बांधावरून जाऊ शकतो.

आता कागद. ई-पीक पाहणी करून सातबाऱ्यावर पीक चढवून ठेवा. नुकसानीच्या वेळी रानात द्राक्ष आणि उताऱ्यावर पड, अशी गत झाली तर कुणी काही करू शकत नाही. फळपिकाचा हवामान आधारित विमा घेतला असेल तर गारपिटीचं जोड संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, ते घेतलंय का हे पावतीवर बघा. ज्वारी-हरभऱ्याच्या विम्याचे निकष हंगामागणिक बदलत आलेत. म्हणून यंदा आपल्या पिकाला गारपीट धरली जाते का, एवढा एकच प्रश्न कृषी सहायकाला विचारून घ्या.

आणि बागेचा सांगाडा. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. फेब्रुवारीत द्राक्षाच्या मांडवावर घडांचा पूर्ण भार असतो. वादळी वारं त्याला शिडासारखं धरतं. गारांनी निम्मा माल जातो; मांडव बसला तर माल, वेली आणि अँगल (मांडवाचे लोखंडी खांब) तिन्ही जातात. कडेचे अँगल हलवून बघा. जमिनीजवळ गंजलेला अँगल हातानं हलतो. कोपऱ्याचे ताण, म्हणजे मांडव ओढून धरणाऱ्या तारा, ओढून बघा, सैल असतील तर आत्ताच आवळा. भार आल्यावर ताण आवळायला गेलात तर तार तुटते.

तीन-चार दिवस आधी

इशारा आला, वारं फिरलं. आता पिकागणिक वेगळं काम आहे.

द्राक्षावर मी थोडा थांबतो, कारण आमचा भाग त्यावरच उभा आहे. सोनाका ही जात याच नान्नजची. नानासाहेब काळे यांच्या बागेत थॉमसनमधून ती निवडली गेली, आणि सोलापूर, नान्नज, काळे या तिघांची आद्याक्षरं तिच्या नावात आहेत. लांब, पातळ सालीचा मणी. पातळ साल खायला गोड आणि पावसाला नाजूक. पाणी उतरलेल्या, म्हणजे मऊ पडून साखर भरलेल्या मण्यावर पाऊस पडला की साल तडकते. मण्याच्या देठाजवळ आधी केसासारखी रेघ दिसते, दुपारपर्यंत ती उघडते, संध्याकाळी तिच्यावर माशी बसते आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे चार मणी सोबत कुजतात.

म्हणून काढणीला दहा दिवस असतील तर ठिबकचं पाणी हात राखून द्या. एकदम तोडू मात्र नका. कोरड्या जमिनीवर अचानक पाऊस झाला तर मुळं अधाशासारखी पाणी ओढतात आणि तडकणं वाढतं. साखर भरलेली असेल आणि व्यापारी तयार असेल, तर दोन पैसे कमी घेऊन माल उतरवा. हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे 2014 आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. आमचा सौदा झालेला होता, गाडी गुरुवारी येणार होती. किलोमागं दोन रुपये कमी देतो, सोमवारीच भरतो, असं व्यापारी म्हणाला होता आणि आम्ही नको म्हणालो. मंगळवारी दुपारी साडेतीनला पत्र्यावर पहिली गार वाजली. वीस मिनिटांत खेळ आटोपला. नंतर बागेत गेलो तर पायाखाली मण्यांचा चिखल, आणि सगळ्या रानात ताज्या रसाचा गोड वास. वडील वेलीला हात लावून उभे होते. दोन रुपयांचा हिशोब आम्ही पुढची चार वर्षं कर्जाच्या हप्त्यात फेडला.

बाग अजून फुलोऱ्यात असेल, म्हणजे छाटणी उशिराची असेल, तर धोका वेगळा: कूज आणि डाऊनी हा बुरशीचा रोग. पावसाच्या आधी प्रतिबंधक फवारणी करायची, पण कोणतं औषध आणि किती, हे सल्ला वाचून आणि काढणीपर्यंतचे दिवस मोजून ठरवा. दुकानदाराच्या शब्दावर निर्यातीच्या बागेत काही मारू नका.

बेदाण्याचं शेड असेल तर ते पहिलं सांभाळा. कासेगावपासून इकडे पंढरपूर-सांगोल्यापर्यंत या दिवसांत रॅकवर माल असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरलेल्या द्राक्षाला वाळायला पंधराएक दिवस लागतात, आणि त्यातल्या कोणत्याही दिवशी वरून पाणी आलं की रंग गेला. हिरवा बेदाणा काळपट पडला की दर निम्म्यावर येतो. वाऱ्याच्या बाजूचे पडदे खाली बांधा, दोरी दर चार फुटांवर. शेडच्या माथ्यावरचा कागद फाटका असेल तर आदल्या दिवशीच बदला. वादळ गेल्या-गेल्या पडदे वर करून हवा खेळती करा. बरेच जण घाबरून दोन दिवस पडदे बांधूनच ठेवतात आणि मग आत बुरशी येते.

डाळिंबात पडलेली, तडकलेली फळं आधीच वेचून बाहेर काढा. पावसानंतर तेल्या हा जिवाणूंचा रोग पसरतो तो याच फळांवरून. ज्वारी कापून पडली असेल तर कणसं आधी खुडून आत घ्या, कडबा नंतर. मालदांडी ज्वारीच्या दाण्याला पाऊस लागला की तो काळा पडतो आणि भाकरीची चवही जाते. उभ्या ज्वारीला तुम्ही काही करू शकत नाही. उपटलेल्या कांद्याची पात न कापता आरण (रचलेला ढीग) घाला, वर कांद्याच्या पातीचाच थर द्या आणि मग ताडपत्री. इशारा असलेल्या दिवशी सोलापूरच्या बाजार समितीत गाडी पाठवू नका. डिसेंबर-जानेवारीत तिथे गाड्यांची रांग असते, माल उघड्यावर थांबतो, आणि भिजलेल्या कांद्याला भाव मागायची सोय राहत नाही.

शेवटचे तीन तास

गारेची वेळ बहुधा दुपारी तीन ते संध्याकाळी सात. सकाळी लख्ख ऊन पडलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्या उन्हानंच जमीन तापते आणि ढग उभा राहतो. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा जिल्ह्याचा अंदाज देतं. दुपारी बारापासून दर तासाला तो बघा.

डोळ्यांनाही कळतं. कोबीच्या गड्ड्यासारखा ढग वर चढत जातो, त्याचा तळ काळा-निळा होतो. मग वारा पडतो. पाखरं गप्प होतात. आणि एकदम गार झोत येतो, मातीचा वास घेऊन. तो झोत आला की तुमच्या हातात दहा-पंधरा मिनिटं आहेत. तेव्हा ताडपत्री शोधत बसू नका.

जनावरं झाडाखालून सोडवून गोठ्यात घ्या. मेंढरांचा वाडा रानात बसला असेल तर धनगराला जाऊन सांगा, त्याच्या फोनवर इशारा आलेलाच असेल असं समजू नका. आणि ऊसतोडीची टोळी. नोव्हेंबर ते मार्च बीड-धाराशिवकडून आलेली माणसं आपल्या शिवारात पाचटाच्या कोपीत राहतात. कोपीला गार अडत नाही. लहान लेकरं असतात, बाळंतीण असते. शाळेची खोली, मंदिराचा मंडप, तुमचा पत्र्याचा गोठा, जे असेल ते आधी उघडून द्या. कोयता-बैलगाडी राहू दे, माणसं आत घ्या. मला या साऱ्या यादीत हेच काम पहिलं वाटतं.

गारा आणि विजा सुरू असताना

या वेळी बागेत जायचं नाही. झाकायचं राहिलं असेल तर राहू द्या. पन्हाळी पत्र्याच्या उघड्या शेडपेक्षा भिंतीचं घर बरं. काहीच नसेल तर काचा बंद केलेली चारचाकी चालते, ट्रॅक्टर चालत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तिसाच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नका. मोकळ्या रानात सापडलातच तर एकट्या कडुनिंब-बाभळीपासून, तारेच्या कुंपणापासून आणि मांडवाच्या तारांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली. आडवं झोपू नका. द्राक्षबाग म्हणजे एकरभर पसरलेलं तारांचं जाळं आहे, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मोटर बंद करायला पळू नका.

अंगावर वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि 112 लावा.

दुसरी सकाळ

पहिला तास फोटोंचा. गारांचा ढीग वितळायच्या आत काड्यापेटी किंवा नाणं शेजारी ठेवून फोटो घ्या. एक फोटो पूर्ण रानाचा, बांधावरची ओळखीची खूण दिसेल असा, मग घडांचे जवळून. फोनमधलं ठिकाण सुरू ठेवा.

विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवायचं असतं. पंचनामा होऊ दे, मग कळवू, असं म्हणून थांबू नका. माझ्या चुलत भावानं तेच केलं. तलाठी चौथ्या दिवशी आला, पंचनामा चांगला झाला, आणि विम्याचा दावा मुदत उलटली म्हणून फेटाळला गेला. पंचनामा सरकारी मदतीचा, तक्रार विम्याची, दोन्ही वेगळ्या वाटा आहेत. सरकारी मदतीला 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक आले की स्वतः रानात हजर राहा, गडी पाठवू नका. टक्केवारी कागदावर काय लिहिली ते वाचून मगच सही करा.

बागेत आधी पाणी झाडायचं. औषध न घालता ब्लोअर नुसता हवेवर फिरवा, घडांत अडकलेलं पाणी उडतं. तडकलेले मणी कात्रीनं काढा, घड सरसकट टाकू नका. गार लागलेल्या काड्यांच्या आणि डाळिंबाच्या फांद्यांच्या जखमांवर बुरशी-जिवाणू बसायच्या आत फवारणी झाली पाहिजे. त्यासाठी सोलापूरच्या केगावातल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 मराठीत बोलतो.

या दिवशी गावात फिरून "तुमचं किती गेलं" विचारत बसू नका. ज्याचं सगळं गेलंय त्याच्या घरी जाऊन चहा ठेवा, फोटो काढायला मदत करा, आणि पहिली रात्र त्याला एकटं सोडू नका.

मग येतो कडाका

वादळ पुढे गेलं की आभाळ निवळतं आणि दोन-तीन दिवसांत उत्तरेचं वारं सुटतं. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा खाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त घसरलं की खातं थंडीची लाट म्हणतं. सोलापूर शहरात तितकं क्वचित होतं, पण उघड्या माळावर आणि ओढ्याकाठी पारा शहरापेक्षा दोन-तीन अंश खाली असतो. द्राक्षाची फुगवण थांबते, मणी पुन्हा तडकतात. पहाटे ठिबकनं थोडं पाणी सोडा, ओल्या जमिनीत ऊब टिकते. घरातली म्हातारी माणसं पहाटे फिरायला जातात, त्यांना ऊन पडेपर्यंत थांबवा. दार-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपू नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

प्रवासाचं थोडक्यात. वादळानंतरच्या शांत, ओलसर पहाटे उजनीच्या पाण्यालगत पुणे-सोलापूर रस्त्यावर धुकं उतरतं, आणि त्या धुक्यात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालत असतात. आठनंतर निघा. दिल्लीहून येणारी कर्नाटक एक्सप्रेस या दिवसांत तासन्‌तास उशिरा येते, कारण धुकं तिकडे उत्तरेत असतं, इथे स्टेशनवर ऊन पडलेलं असतं. पाहुणे घ्यायला जाण्याआधी गाडी कुठे आहे ते बघा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर असाल आणि विजा सुरू झाल्या, तर पाळण्यांपासून आणि पत्र्याच्या स्टॉलपासून दूर होऊन पक्क्या इमारतीत शिरा.

ताडपत्र्या ओल्या घडी करू नका, दोन दिवस उन्हात टाका, उंदरांनी कुरतडलेलं शिवून घ्या. पण लांब उचलून ठेवू नका. जोरकस विक्षोभामागे आठ दिवसांत दुसरा येऊ शकतो.